अर्थिंग

त्या उन्हाळ्यात रोज सहा-सहा तास लाइट जायची.
इंदूर काळोखात बसलं
की आमच्या घरी भाजी शिजायची.
मल्हारगंजात जिन्याखालचं दुकान, इन्व्हर्टर दुरुस्ती,
पाटीवर नाव वडिलांचं, चटके माझ्या बोटांना.

हेरंब तारे आले, बॅटरीला हात लावून म्हणाले,
विमानासाठी हवी आहे.
मी म्हटलं, कुणाच्या?
"माझ्या. अजून अर्धंच झालंय."

सांवेर रोडला पापडाच्या कारखान्यामागे शेड.
पंख भिंतीला टेकवलेले, दारामागच्या शिडीसारखे.
पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेला माणूस,
कपाळाला ग्रीस.
पैशांचं मी विचारलं नाही. चहा देताना
सुमतीबाईंनीच सांगितलं:
"दोन बांगड्या गेल्या. दोन आहेत."

एंजिनात सगळं विजेवर.
ठिणगी विजेवर, पेट्रोलचा पंप विजेवर.
म्हणजे वर लाइट गेली तर?
"तर पंखा बंद."
माझ्या गिऱ्हाइकांचाही पंखाच बंद पडतो.
ते उशी घेऊन गच्चीवर जातात.

त्यांनी वही उघडली. दोन बॅटऱ्या, दोन फ्यूज,
मधे डायोड, म्हणजे एक मेली
तरी दुसरीला खाली ओढणार नाही.
प्रत्येक वायरच्या गळ्यात चिठ्ठी, अक्षर फळ्यावरचं.
मी वही मिटली.
म्हटलं, सर, कागदावर कुणाचीच लाइट जात नाही.

वडील इन्व्हर्टर बसवून झाला की स्वतः मेन पाडायचे.
टीव्हीवर सामना रंगलेला असायचा,
घरातले ओरडायचे,
ते मनगटावरचं घड्याळ बघत उभे.
पाडून पाहिलं नाही ते चालतं म्हणू नये,
एवढंच एक मला शिकवून गेले.

शेपटी बाभळीला बांधली. चाकांखाली विटा.
एंजिन लागलं आणि मागच्या अंगणातले
उडदाचे पापड वीस फूट वर गेले.
त्या दिवशीचं उड्डाण तेवढंच.

आल्टर्नेटर बंद केला. चालू.
पहिली बॅटरी तोडली. चालू.
ती लावून दुसरी तोडली. चालू.
तारे सर हसले, पहिल्यांदाच दात दिसले.
मग मी वाकून, जिथे काळ्या वायरी जातात तिथे,
दहाच्या पान्याने
एक बोल्ट काढला.

गेलं. पंप, ठिणगी, काटे, सगळं.
पंख्याने दोन वळसे उधारीवर घेतले आणि उभा राहिला.
पापडवाल्याच्या शिव्या स्वच्छ ऐकू आल्या.

जायच्या वाटा दोन काढल्या होत्या,
परतायची एकच.
दोन्ही बॅटऱ्यांचा अर्थ त्या एका बोल्टाखाली.
शाळेत मला अर्थ शब्दाचा असतो असं सांगितलं,
धंद्यात कळलं, अर्थ म्हणजे जमीन.
विमानाला ती कुठली? त्याचं अंग हीच त्याची जमीन,
आणि ती एका बोल्टावर.

तारे सर बराच वेळ उकिडवे बसून राहिले.
मग खालच्या आवाजात म्हणाले,
"असा अजून कुठे असेल?"
मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

बिल केलं: बोल्ट एक, वॉशर दोन,
काळी वायर तीन फूट, साडेसत्तावीस रुपये.
पापडांचे त्यांनी वेगळे दिले.

परवानगीचा कागद दिल्लीला गेलाय, तो तिकडेच.
इथे दर रविवारी सर मेन पाडतात,
सुमतीबाई घड्याळ धरून उभ्या राहतात.
परवा दुसऱ्या बॅटरीने अडतीस मिनिटं काढली.
"एवढ्यात उज्जैनला जाऊन परत," त्या म्हणाल्या.
परत हा शब्द त्यांनी
भरलेल्या कपासारखा खाली ठेवला.